चुन्याच्या भिंतीची निगा
(नभोवाणीवरील भाषण)

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यांपैकीं कांहींजणांना हंसूं आलें असेल. भिंतीला गिलावा करणें हें गवंड्याचें काम. त्यावर एका सेवानिवृत्त शाळामास्तरानें पंधरावीस मिनिटें काय बोलावें? हा आक्षेप मला मान्य आहे. मी स्थापत्यशास्त्र शिकलेला नाहीं. मॅट्रिक होऊन मास्तरकीस लागलों, आणि सारी हयात मुलांना गणित व सृष्टिविज्ञान शिकविण्यांत घालविली. परंतु एका भिंतीनें उतारवयांत मला असा धडा दिला, कीं तो चार लोकांपुढें मांडणें माझें कर्तव्य आहे असें मला वाटतें. पुणें, नाशिक, सातारा, वाई अशा गांवांतून ज्यांचीं वडिलोपार्जित घरें अद्याप उभीं आहेत, त्यांना तरी हें ऐकणें निरुपयोगी वाटणार नाहीं, अशी आशा आहे.

आमचें घर वाईस, कृष्णेच्या घाटापासून हांकेच्या अंतरावर आहे. माझ्या पणजोबांनीं बांधलेला तो एकचौकी वाडा. काळ्या दगडाचें जोतें, त्यावर चपट्या विटांच्या दीड हात रुंदीच्या भिंती, भिंतींत ठिकठिकाणीं बसविलेले सागवानी खांब, वर तुळया आणि माडी, असा त्याचा साधा थाट आहे. नाना फडणविसांचा मेणवलीचा वाडा तेथून जवळच. त्याच्या भिंतींवरील चित्रें पाहण्यास लोक दूरदूरून येतात. आमच्या भिंतींवर चित्रें नाहींत. होता तो चुन्याचा गुळगुळीत गिलावा, आणि त्यावर दर वर्षीं दिवाळीपूर्वीं बसणारा सफेदीचा एक हात. ह्या वाड्यांतील माजघराच्या उत्तरेकडील भिंतीची हकीकत मी आज सांगणार आहें.

११ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्या वेळीं मी आठ वर्षांचा होतों. आईनें आम्हां भावंडांना ओढून चौकांत नेलें, एवढें मला स्पष्ट आठवतें. उजाडल्यावर आंत येऊन पाहतों तों ह्या भिंतीला छतापासून कोनाड्यापर्यंत एक तिरकी भेग पडलेली! पुढें थंडी सरण्यापूर्वीं वडिलांनीं एका गवंड्याला हाताशीं घेऊन ती भेग साफ केली, पाण्यानें भिजविली, आणि चुना, वाळू व कातरलेला ताग ह्यांचें मिश्रण तींत दाबून भरलें. ह्या एवढ्याशा कामाला तीन आठवडे लागले. कारण एक थर नीट धरल्यावांचून वडील दुसरा लावूं देईनात. आज ती जागा कोणी विचारली तर मलाही ती शोधून काढावी लागते.

आतां आम्हां भावांची करामत ऐका. १९९१ सालीं धाकट्या बहिणीचें लग्न ठरलें. मांडव दारांत पडावयाचा, पाहुणे यावयाचे, आणि माजघराच्या भिंतीचा खालचा गिलावा तर ठिकठिकाणीं फुगून पडूं लागलेला. वडील त्यापूर्वींच वारले होते. माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतों, ते व मी अशा दोघांनीं ठरविलें कीं, दर वर्षींची ही कटकट एकदांची मिटवून टाकावी. एका ठेकेदाराला बोलाविलें. त्यानें चार दिवसांत जमिनीपासून चार फुटांपर्यंतचा सारा जुना गिलावा खरवडून काढला, सिमेंटचा जाड गिलावा चढविला, आणि वर हिरवा चकचकीत तेलाचा रंग दिला. आई तेवढी म्हणाली, "अरे, चुन्याच्या भिंतीला दर दिवाळीला हात देतां येतो. ह्या तेलकट रंगावर पुन्हा चुना बसायचा नाहीं." आम्हीं हंसून तिला सांगितलें कीं, आतां चुना देण्याची गरजच पडणार नाहीं.

तीन पावसाळे भिंत सुरेख दिसली. चौथ्या पावसाळ्यांत सिमेंटच्या पट्टीच्या वर, म्हणजे जेथें पूर्वीं कधींही ओल नव्हती तेथें, एक पिवळसर रेषा उमटली. पुढील वर्षीं ती वीतभर वर सरकली. तिच्या अंगावर पांढरी खारट पूड येऊं लागली; हिलाच आपण लोणा म्हणतों. मग आम्हीं काय केलें? सिमेंटची पट्टी आणखी दोन फूट उंच नेली! ज्या अन्नानें पोट दुखलें तेंच रोग्याच्या पानांत अधिक वाढावें, त्यांतलाच हा प्रकार. अखेर २०१७ सालीं, म्हणजे मी सेवानिवृत्त झालों त्याच वर्षीं, श्रावणांतील एका रात्रीं माडीच्या तुळईचा मोठ्यानें आवाज झाला. सकाळीं तुळईस टेकू दिले आणि खालची भिंत थोडी फोडून पाहिली, तों आंतल्या सागवानी खांबाचा तळ कुजून गेलेला. बोट लावलें तर तें दोन पेरें आंत गेलें. आणि ज्या सिमेंटनें भिंत सुरक्षित केली असें आम्ही समजत होतों, त्याच्या पाठीमागच्या विटा ओल्याचिंब होत्या.

दादानें एका जाणत्या म्हणविणाऱ्या गृहस्थांस घर दाखविलें. त्यांनीं घटकाभरांत निकाल दिला कीं, भिंत आंतून कुजली आहे, तिच्यावर पैसा घालणें म्हणजे पाण्यांत टाकणें. वाडा पाडून तेथें नवी इमारत उभारावी. थोड्याच दिवसांत कागद तयार झाले. दोघां भावांच्या सह्या हव्या होत्या. दादाची झाली, माझा हात धजेना. दादाचेंही कांहीं चुकत होतें असें मी म्हणणार नाहीं. ज्या घरांत मुलेंबाळें निजतात तेथें तुळई आवाज करूं लागली, तर कोणाही कर्त्या माणसाला काळजी वाटणारच.

त्याच सुमारास मी एका वृद्ध गवंड्याला घरीं घेऊन आलों. त्याचें वय पंचाहत्तरीच्या पुढें होतें. घरांत पाऊल टाकण्यापूर्वीं तो मागच्या बाजूस गेला आणि भिंत बाहेरून न्याहाळूं लागला. पागोळ्यांचें पाणी वाहून नेणारी पन्हळ एके ठिकाणीं फुटली होती व तिची धार नेमकी भिंतीच्या पायथ्याशीं पडत होती. शिवाय मागच्या अंगणांत वेळोवेळीं भर घालून वर फरशी केल्यामुळें दगडी जोतें जवळजवळ पुरलें गेलें होतें. त्यामुळें माती सरळ विटांना भिडली होती. हें सारें आमच्या रोजच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर, परंतु आम्हांपैकीं एकाच्याही डोळ्यांस तें दिसलें नव्हतें. नंतर आंत येऊन त्यानें बोटांच्या सांध्यांनीं भिंत ठोकून पाहिली. वडिलांनीं भरलेल्या भेगेपाशीं तो थोडा थांबला, तिच्यावरून अंगठा फिरविला, आणि मग मला म्हणाला, "गुरुजी, भिंतीला दुखणें थोडंच होतं. औषधानं वाढवलं."

मीं दादाला हें सांगितलें. तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "ठीक आहे. एक पावसाळा थांबतों. पुढच्या दसऱ्याला ही भिंत ओली असली, तर तूं सही करायची." मीं कबूल केलें. अशा रीतीनें आमच्या वाड्याचें भवितव्य एका गिलाव्यावर येऊन ठेपलें.

श्रोतेहो, येथें थोडें शास्त्र सांगितल्यावांचून पुढील कृतीचा अर्थ ध्यानांत येणार नाहीं. तीस वर्षांहून अधिक काळ मीं दर वर्षीं वर्गांत एक प्रयोग करून दाखविला. कांचेच्या पेल्यांत चुन्याची निवळी घ्यावयाची, नळीनें तींत फुंकर मारावयाची, आणि निवळी दुधासारखी पांढरी झालेली मुलांना दाखवावयाची. आपल्या उच्छ्वासांतला कर्बद्विप्राणिद वायु चुन्याशीं मिळून पुन्हा खडू तयार होतो, हें त्यांतील रहस्य. चुन्याच्या भिंतीची सारी कथा ह्या पेल्यांत आहे. चुनखडी भट्टींत सुमारें ९०० अंश शतमान उष्णतेवर भाजली म्हणजे तिच्यांतील हा वायु निघून जातो. शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली तर ५६ किलो कळीचा चुना उरतो. कळीच्या चुन्यांत पाणी मिळालें कीं तो उसळतो, तापतो आणि विरतो. असा विरलेला चुना भिंतीवर चढला म्हणजे हवेंतील तोच वायु हळुहळू परत शोषून घेतो आणि पुन्हा दगड होतो. हें काम फार सावकाश चालतें. महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर खोलीपर्यंत चुना असा पक्का होतो, असा ढोबळ हिशेब जाणकार धरतात. वडील तीन आठवडे कां थांबले, ह्याचें उत्तर मला ठाऊक होतें. परंतु तें मीं वर्गांत ठेवून घरीं येत होतों.

दुसरी गोष्ट ओलीची. विटांच्या भिंतीला जमिनींतलें पाणी दिव्याच्या वातींत तेल चढावें तसें चढतें. जुन्या बांधकामांत तें पूर्णपणें अडवावें असा कोणाचा आग्रह नव्हता. चुन्याच्या गिलाव्याला अतिसूक्ष्म छिद्रें असतात. त्यांतून तें पाणी वाफेच्या रूपानें निघून जातें आणि भिंत आपली आपण सुकते. त्या पाण्याबरोबर आलेले क्षार गिलाव्यांत सांठतात, त्यामुळें तळाकडचा गिलावा कांहीं वर्षांनीं फुगतो व पडतो. तो पडतो म्हणून वीट वांचते. ज्याला आम्ही कटकट म्हणत होतों तें खरें म्हणजे गिलाव्याचें कर्तव्यच होतें. सिमेंटचा गिलावा घट्ट व कठीण. त्यावर तेलाचा रंग बसला म्हणजे पाण्याचा मार्ग खुंटतो. मग तें पाणी वाट सांपडेपर्यंत वर चढत राहतें, आणि वाटेंत लाकूड भेटलें तर त्याला कुजवितें. शिवाय जुनी भिंत उन्हाळ्यापावसाळ्यांत किंचित् हलते. चुना तिच्याबरोबर हलतो, सिमेंट हलत नाहीं, तडकतें. त्या तडींतून पाणी आंत शिरतें, तें बाहेर मात्र येत नाहीं.

ह्यावरून सिमेंट वाईट असा ग्रह करून घेऊं नये. पोर्टलंड सिमेंटचें पेटंट जोसेफ ॲस्पडिन ह्यानें इंग्लंडांत १८२४ सालीं घेतलें, आणि आपल्याकडे पोरबंदरच्या कारखान्यांत १९१४ सालीं सिमेंट तयार होऊं लागलें. त्यानंतर धरणें, पूल व मोठमोठ्या इमारती त्याच्या बळावर उभ्या राहिल्या. परंतु आमचा वाडा त्यापूर्वींचा. तो ज्या पदार्थांचा बांधलेला होता त्यांना हें नवें कवच मानवणारें नव्हतें. दुरुस्तीचा गिलावा नेहमीं भिंतीपेक्षां मऊ असावा, कधींही अधिक कठीण असूं नये, हा नियम त्या वृद्ध गवंड्यानें मला पहिल्याच दिवशीं सांगितला.

आतां प्रत्यक्ष काम कसें झालें तें क्रमानें सांगतों.

प्रथम आम्हीं भिंतीला हातच लावला नाहीं. पन्हळ बदलली, मागच्या अंगणांतील फरशी भिंतीलगत दोन हात रुंदीपर्यंत उखडली, जोतें मोकळें होईपर्यंत माती खणून काढली, आणि पाण्याला दूर वाहून जाण्यास उतार करून दिला. ज्या घरीं ओलीचें मूळ शोधल्यावांचून गिलावा होतो, तेथें तो चुन्याचा असो वा सिमेंटचा, पैसे व्यर्थ जातात. गळका नळ, तुंबलेली पन्हळ, न्हाणीचें झिरपणारें पाणी आणि बाहेरून चढलेली जमीन हीं चार ठिकाणें आधीं पाहावीं.

नंतर आश्विनांत सिमेंट काढावयास घेतलें. तें लहान छिन्नीनें व हलक्या हातोडीनें, वरून खालीं, थोडें थोडें काढावें लागतें. यंत्राचा हादरा जुन्या भिंतीला सोसत नाहीं. घाई केली तर सिमेंटबरोबर विटेचें तोंडही निघून येतें. आमच्याही दहापांच विटा अशा गेल्या. वरचा जुना चुन्याचा गिलावा मात्र सरसकट काढला नाहीं. ठोकून पाहतांना जेथें भरीव आवाज आला ती जागा तशीच ठेवली. जेथें पोकळ आवाज आला आणि दाबतांच गिलावा हलला, तेवढ्याच जागेभोंवतीं खडूनें रेघ मारून तो काढला. पोकळ वाजणारा सगळाच गिलावा टाकाऊ असतो असें नाहीं. कडेनें घट्ट धरलेला असला तर तो पुष्कळ वर्षें टिकतो. विटांवरचा लोणा कोरड्या ब्रशानें झाडून, गोळा करून बाहेर टाकला. तो पाण्यानें धुतला तर विरघळून पुन्हा भिंतींत जातो. खांबाचा कुजलेला भाग सुतारानें कापून काढला, तेथें मुरलेल्या सागवानाचा तुकडा सांधला, आणि तळ मातीला टेकूं न देतां दगडी तळखड्यावर ठेवला. मग पौषापर्यंत ती भिंत उघडी ठेवली. घरांत धूळ, उघड्या विटा, बायकामाणसांची अडचण, आणि येणारा जाणारा विचारी कीं, गुरुजी, काम कां थांबलें? काम थांबलें नव्हतें. भिंत सुकत होती.

त्याच काळांत चुना मुरत होता. आमच्या सह्याद्रीचा खडक काळा. त्यांत चुन्याचे थर नाहींत. म्हणून पूर्वींचे लोक ओढ्यांच्या कांठीं व काळ्या मातींत सांपडणारे चुनखडीचे खडे वेंचून भाजीत. त्या खड्यांत मातीचा अंश असल्यामुळें तो चुना ओलसर जागींही कांहींसा धरतो. आम्हांस बाजारांत कळीचा चुना मिळाला. तो विरवितांना फार जपावें लागतें. लोखंडी पिंपांत आधीं पाणी घ्यावें आणि त्यांत चुन्याचे खडे थोडे थोडे सोडावे. चुन्यावर पाणी ओतूं नये. पाणी उकळतें व उडतें. डोळ्यांवर चष्मा व हातांत मोजे असल्यावांचून जवळ जाऊं नये, मुलांना तर त्या बाजूस फिरकूंही देऊं नये. डोळ्यांत कण गेला तर स्वच्छ पाण्यानें बराच वेळ धुवून तत्काळ डॉक्टरांकडे जावें. ज्यांना हा खटाटोप नको असेल त्यांनीं विरलेल्या चुन्याची ताजी पूड आणून कांहीं दिवस पाण्यांत भिजत ठेवावी. आमचा चुना गाळून, वर चार बोटें पाणी ठेवून, तीन महिने झांकून ठेवला होता. शेवटीं तो पानाला लावावयाच्या चुन्यासारखा, किंबहुना लोण्यासारखा मऊ झाला.

पूर्वीं चुना व वाळू बैलांच्या घाणींत दळीत. दगडी चाक गोल चरांतून फिरे आणि मिश्रण एकजीव होई. आम्हांस घाणी कोठून मिळणार? आम्हीं तें लाकडी बडवण्यांनीं कुटलें. गवंडी पुरे म्हणेपर्यंत कुटलें. पहिल्या थराला एक भाग चुना, दोन भाग धुतलेली खरखरीत वाळू आणि एक भाग सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांचा चुरा, असें प्रमाण घेतलें. सुरखीमुळें ओलसर जागीं चुना चांगला धरतो. दुसऱ्या थराला एक भाग चुना व अडीच भाग वाळू, आणि त्यांत बोटाच्या पेराएवढा कातरलेला ताग. तंतू घातल्यानें गिलावा तडकत नाहीं, ही युक्ति फार जुनी आहे. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यांत भांगेच्या झाडाचे तंतू सांपडल्याचें संशोधन २०१६ सालीं प्रसिद्ध झालें आहे. गूळ, हिरड्याचें पाणी, बेलफळाचा गर, उडदाचें पीठ अशीं अनेक द्रव्यें कारागीर चुन्यांत घालीत आले आहेत आणि प्रत्येकाचा पाठ निराळा असतो. आमच्या गवंड्यानें थोडें गुळाचें व हिरड्याचें पाणी घातलें. परंतु तोही म्हणाला कीं, चुना मुरलेला नसेल व वाळू मातकट असेल तर गूळ कांहीं करूं शकत नाहीं.

गिलावा चढविण्याच्या आदल्या सायंकाळीं भिंत भरपूर भिजविली, सकाळीं पुन्हा भिजविली. कोरडी वीट चुन्यांतलें पाणी एका क्षणांत पिऊन टाकते, आणि मग चुन्याची पूड होते. थर अर्ध्या इंचाहून जाड दिला नाहीं. मिश्रण थापीनें भिंतीवर जोरानें मारावयाचें, म्हणजे तें विटांच्या सांध्यांत शिरतें. थर जरा आवळला कीं त्यावर आडव्यातिडव्या रेघा ओढावयाच्या, म्हणजे पुढचा थर पकडतो. दुसऱ्या दिवशीं केसासारख्या बारीक चिरा दिसल्या. त्या पाहून मी घाबरलों. गवंड्यानें थोडें पाणी शिंपडून लांकडी रंधा गोल गोल फिरविला, आणि त्या मिटल्या. त्यानंतर पंधरा दिवस ओल्या गोणपाटांचे पडदे भिंतीपुढें टांगून ठेवले. मग दुसरा थर, पुन्हा पंधरा दिवस. आणि शेवटीं निरूचा, म्हणजे अगदीं बारीक गाळलेल्या चुन्याचा, जाड कागदाइतका पातळ हात. तो गुळगुळीत दगडानें घोटून घेतला. हें सारें थंडीच्या दिवसांत झालें, तें मुद्दामच. वैशाखाच्या उन्हांत चुना धरण्यापूर्वींच वाळतो, आणि भर पावसाळ्यांत तो वाळतच नाहीं.

वर रंग कोणता द्यावा? तेलाचा नको, आणि पाण्यानें पुसतां येणारे आजचे चकचकीत रंगही नकोत. त्यांनीं छिद्रें बुजतात व केलेलें काम फुकट जातें. गाळलेला चुना दुधाइतका पातळ करून, भिंत ओलसर करून, कुंच्यानें तीनचार पातळ हात द्यावे व प्रत्येक हातामध्यें एक दिवस जाऊं द्यावा. चुना कपड्यांना लागूं नये म्हणून त्यांत थोडें डिंकाचें पाणी घालतात. तसेंच कपाट भिंतीला चिकटवून ठेवूं नये, चार बोटें अंतर ठेवावें, म्हणजे पाठीमागें हवा खेळते.

काम पुरें झालें तेव्हां फाल्गुन उजाडला होता. दादा येऊन पाहून गेला, आणि "आषाढांत बघूं," एवढेंच म्हणाला.

२०१८ चा पावसाळा मीं ज्या काळजीनें काढला तशी काळजी मला माझ्या परीक्षेच्या वेळींही वाटली नव्हती. रोज सकाळीं उठून मी भिंतीवर तळहात ठेवून पाहत असें. श्रावणाच्या तोंडाशीं, आठ दिवस झड लागली असतां, जमिनीलगत वीतभर उंचीची भिंत काळसर दिसूं लागली. माझें अवसान गळालें. गवंड्याला निरोप धाडला. तो छत्री घेऊन आला, पाहिलें, आणि चहा पीत म्हणाला, "पावसांत माणूस भिजतो, भिंत भिजायची नाही का? ऊन पडूं द्या." भाद्रपदांत उघडीप पडली. डाग रोज थोडा थोडा खालीं उतरत गेला. दसऱ्याच्या दिवशीं भिंत तळापर्यंत कोरडी होती.

दादा त्या दिवशीं सोनें द्यायला आला. त्यानें भिंत हातानें चांचपली नाहीं, ओलीबद्दल चकार शब्द विचारला नाहीं. वडील बसत त्या जागीं तो भिंतीला पाठ टेकून बसला, जेवण होईपर्यंत बसला, आणि उठल्यावर त्याच्या सदऱ्याची पाठ पांढरी झालेली वहिनींनीं पाहिली. "डिंक कमी घातलास," असें तो माझ्यावर कुरकुरला. कागदांचा विषय मात्र त्यानें काढला नाहीं. तो अद्याप निघालेला नाहीं. पुढच्या पिढीनें काय करावें हें तीच ठरवील. परंतु घर पाडावयाचें झालेंच तर तें भिंत कुजली ह्या खोट्या कारणासाठीं पडणार नाहीं, एवढें समाधान मला आहे.

ह्या कामास सिमेंटच्या मानानें वेळ फार लागला, मजुरीही अधिक पडली, आणि चार महिने घराची अडचण झाली, हें मी लपवीत नाहीं. तळाचा गिलावा कांहीं वर्षांनीं पुन्हा फुगेल, तेव्हां तेवढाच काढून पुन्हा भरावा लागेल. तें करावयाचेंच आहे, असें आतां आम्हीं मनाशीं धरलें आहे. दर दिवाळीपूर्वीं नातवंडांच्या हातीं एकेक लहान कुंचा देतों, डोळे संभाळण्यास बजावतों, आणि भिंतीला एक हात देतों. आईनें १९९१ सालीं सांगितलेलें तेवढेंच होतें. तें ऐकलें असतें तर मधलीं सव्वीस वर्षें वांचलीं असतीं, आणि त्या खांबाचा तळही.

आपल्या घरीं अशी एखादी भिंत फुगत असेल, तर कोणालाही बोलावण्यापूर्वीं एकदां तिच्या पलीकडच्या बाजूस जाऊन पाहा, एवढीच माझी आपणांस विनंति आहे.